दहा एमबीची जागा

संगणकाविषयी मराठीत जे इतिहासपर लेखन होते ते बहुतेक सर्व वाढीचे असते. यंत्रांचा वेग वाढला, साठवण वाढली, वापरणाऱ्यांची संख्या वाढली, अशा चढत्या क्रमाने ते पुढे सरकते. काटछाटीचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. वास्तविक साहित्याच्या अभ्यासकांना काटछाट हा विषय मुळीच परका नाही. संपादकाने हस्तलिखितातून काय गाळले, पाठचिकित्सकाने कोणते श्लोक प्रक्षिप्त ठरवले, अभ्यासमंडळाने कोणता कवी वगळला, यांवर आपण आवडीने वाद घालतो. भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे एक मोठेपण असे, की तिने जे गाळले तेही तळटीपांत आणि परिशिष्टांत छापून ठेवले. गाळणाऱ्याचा निर्णय वाचकाला तपासता यावा, ही त्यामागची शिस्त. संगणकाच्या कार्यप्रणालीतून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीममधून, जेव्हा ‘नको असलेले’ भाग काढले जातात तेव्हा अशी परिशिष्टे कोणी जोडत नाही. त्यामुळे काय काढले हे पुष्कळदा काढून झाल्यावर, ते लागते तेव्हाच कळते. मराठीच्या बाबतीत हे वारंवार घडले आहे, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम तांत्रिक बाजू थोडक्यात. कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि वापरणारा यांच्यामधली सगळी व्यवस्था: स्मृतीचे वाटप, फायलींची ठेवण, कळफलकावरची कळ आणि पडद्यावरचे अक्षर यांचे नाते. ती बनवणाऱ्याला प्रत्येक संभाव्य ग्राहक डोळ्यांपुढे ठेवावा लागत असल्याने ती आपल्या पोटात बरेच काही घेऊन येते. विंडोज ९५ चार एमबी स्मृतीवर निदान सुरू तरी होत असे. २००१ च्या विंडोज एक्सपीला किमान ६४ आणि सुखाने चालायला १२८ एमबी लागत. २००७ च्या व्हिस्टाने ही किमान मर्यादा ५१२ वर नेली. यंत्र तेच आणि प्रणाली नवी, अशी ज्यांची अवस्था होती त्यांच्यापुढे एकच उपाय उरे, तो म्हणजे प्रणाली हलकी करणे. सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम बंद करणे, पडद्यावरची शोभा काढून जुने करडे रूप आणणे, न लागणाऱ्या सेवा थांबवणे, हे त्यातले सौम्य उपाय. प्रणालीच्या मूळ सीडीतूनच भाग कापून नवी, बारीक सीडी तयार करणे हा जहाल उपाय. एक्सपीसाठी ‘एनलाइट’ नावाचे साधन याच कामासाठी प्रसिद्ध झाले होते. लिनक्सच्या जगात तर हा एक स्वतंत्र पंथच होता. २००३ च्या सुमारास आलेल्या ‘डॅम स्मॉल लिनक्स’ने संपूर्ण कार्यप्रणाली, तिच्या न्याहाळकासकट, ५० एमबीत बसवून दाखवली.

हे सारे ज्या भूगोलात आम्हांला पाहायचे आहे तो आतल्या रायगडाचा. समुद्राकडचा नव्हे, तर पाताळगंगेच्या काठाने कर्जत-खालापूरच्या डोंगरांकडे सरकत जाणारा. रसायनी हे गावाचे नावच मुळी कारखान्याने दिलेले. १९६० साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीने येथे उत्पादन सुरू केले, तिच्यापाठोपाठ इतर उद्योग आले, वसाहती उभ्या राहिल्या. (२०१७ साली केंद्र सरकारने त्या कंपनीचे रसायनी येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला. नाव तेवढे राहिले.) मोहोपाडा, चौक, खोपोली या पट्ट्यातील पगारदार घरांत २००० नंतरच्या दशकात संगणक शिरला. तो बहुधा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या सुट्या भागांतून जुळवलेला ‘असेंबल्ड’ असे. २००१ पासून सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने ‘नित्याचा वापर’ म्हणजे काय याची एक व्याख्याही घरोघर पोचवली होती: एक विंडोज, एक लेखनाचा प्रोग्रॅम, एक हिशेबाचा तक्ता, आणि जमल्यास इंटरनेट.

या व्याख्येत मराठीला जागा होती का? एक्सपीच्या पोटात मराठी होती. मायक्रोसॉफ्टच्या प्रणालींत देवनागरीची व्यवस्था प्रथम आली ती विंडोज २००० मध्ये, आणि एक्सपीत ती अधिक सुधारली होती. पण नेहमीच्या रीतीने प्रणाली बसवली की ती व्यवस्था बसत नसे. ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ या खिडकीत जाऊन, दुसऱ्या पानावरच्या एका चौकोनात खूण करावी लागे. ‘गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा’ असे त्या चौकोनापुढे इंग्रजीत लिहिलेले असे. खूण केली की एक सूचना येई: अरबी, आर्मेनियन, जॉर्जियन, हिब्रू, भारतीय, थाई आणि व्हिएतनामी या भाषांच्या फायली बसवण्यासाठी १० एमबी किंवा अधिक जागा लागेल. त्यानंतर यंत्र मूळ सीडी मागत असे. असेंबल्ड यंत्राबरोबर ती सीडी सहसा घरी आलेलीच नसे. म्हणजे दीड जीबीच्या प्रणालीतून भारताच्या सर्व लिप्या, शिवाय आणखी सहा भाषा, यांना गाळून वाचवले काय, तर दहा एमबी. त्या काळी एक्सपीबरोबर येणाऱ्या नमुना संगीताच्या आणि भिंतचित्रांच्या फायलींनीही काही जागा घेतलेली असे, आणि त्यांना मात्र कोणी परवानगी विचारत नव्हते.

त्या वर्षांत मराठी संकेतस्थळांवर लिहू-वाचू लागलेल्या पिढीला हा चौकोन चांगलाच आठवत असेल. खूण नसेल तर पडद्यावर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसत, किंवा वेलांटी व्यंजनापासून फुटून भलतीकडे जाऊन बसे. प्रत्येक संकेतस्थळाच्या साहाय्य-पानावर पहिली सूचना याच खुणेची असे. ज्यांनी यंत्र हलके व्हावे म्हणून काटछाट केलेली सीडी बसवून घेतली होती त्यांची पंचाईत अधिक. काटछाट करणाऱ्याने भाषांचे भाग सर्वांत आधी उडवलेले असत, कारण त्याच्या दृष्टीने ते कोणाच्याच नित्य वापराचे नव्हते. लिनक्सच्या बाजूला डेबियनमध्ये ‘लोकेलपर्ज’ नावाची एक उपयुक्तता आहे. आपण निवडलेल्या भाषा सोडून बाकी सर्व भाषांचे संदेश आणि माहितीपाने ती पुसून टाकते. ‘पर्ज’ या शब्दाला मराठीत शुद्धीकरण म्हणावे लागेल. लिपिशुद्धीच्या चळवळी पाहिलेल्या समाजाला या नावात काही ओळखीचे वाटले तर नवल नाही.

येथे थोडे मागे जाणे आवश्यक आहे. कारण यंत्राला जड होते म्हणून देवनागरीची काटछाट करावी, हा विचार संगणकाने आणलेला नाही. खिळ्यांच्या छपाईत तो शतकभर आधी आला होता. रोमन लिपीचा जुळारी शंभरेक खान्यांच्या केसपुढे उभा राहून काम करी, तर देवनागरीच्या जुळाऱ्यापुढे काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे मिळून शेकडो खाने असत. मुंबईत अमेरिकन मिशन प्रेसच्या थॉमस ग्रॅहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अक्षरांचे भाग पाडून ही संख्या आटोक्यात आणण्याचा प्रयत्न केला. त्याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागरमध्ये ती कला कळसाला नेली. विसाव्या शतकाच्या आरंभी लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’च्या गरजेतून खिळ्यांची संख्या आणखी घटवण्याची खटपट केली. तिच्यातून निघालेला सुमारे १९० खिळ्यांचा संच ‘टिळक टाइप’ म्हणून ओळखला गेला. सावरकरांनी लिपीच्या मुळालाच हात घातला: इ, ई, उ, ऊ, ए, ऐ हे स्वतंत्र स्वर काढून ‘अ’लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा लावाव्यात, म्हणजे तितके खिळे वाचतील. काही पुस्तकांनी आणि नियतकालिकांनी ही अ-ची बाराखडी काही काळ वापरलीही. १९५३ साली लखनौच्या लिपीसुधार परिषदेने ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडून उचलून उजवीकडे, आखूड करून, ठेवावी असे सुचवले. उच्चारात जी मागून येते ती लिहिण्यातही मागून यावी, आणि यंत्राला उलटे जावे लागू नये, हा तर्क. लोकांना ते रुचले नाही आणि काही वर्षांतच सूचना मागे घ्यावी लागली. या सर्व खटाटोपाचा साद्यंत वृत्तांत बापूराव नाईक यांच्या ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ या १९७१ च्या ग्रंथात आहे. आजच्या भाषा-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तो वाचावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे.

वेलांटीचा हा प्रश्न संगणकाने ज्या रीतीने सोडवला तो भाग आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो. १९९१ च्या इस्की मानकात आणि त्याच पायावर उभ्या राहिलेल्या युनिकोडमध्ये ‘कि’ हे अक्षर साठवताना आधी क आणि मग वेलांटी, अशा उच्चाराच्या क्रमानेच साठवले जाते. म्हणजे लखनौच्या सुधारकांना कागदावर जे हवे होते ते यंत्राच्या स्मृतीत घडले. पडद्यावर मात्र वाचकाच्या सवयीप्रमाणे वेलांटी डावीकडेच दिसते. साठवणीचा क्रम आणि दिसण्याचा क्रम यांतले अंतर भरून काढण्याचे काम एक प्रोग्रॅम करतो. विंडोजमध्ये त्याचे नाव युनिस्क्राइब, लिनक्सच्या ग्नोम पर्यावरणात पँगो. जोडाक्षरे जुळवणे, रफार योग्य अक्षराच्या डोक्यावर नेणे, ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत फरक राखणे, हे सगळे त्याच्याकडे. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या यांतला भेद ज्या मुलखात रोज डोळ्यांपुढे आहे तेथे तरी हा फरक किरकोळ म्हणता येणार नाही. पन्नास वर्षे ज्यासाठी लिपीच बदलू पाहिली ते काम काही एमबींच्या प्रोग्रॅमने लिपीला धक्का न लावता केले. अट एवढीच होती, की तो प्रोग्रॅम आणि एक टंक यंत्रात शिल्लक ठेवायला हवेत. दहा एमबीचा चौकोन रिकामा ठेवण्यात नेमके हेच उडवले जात होते.

मधल्या काळात आपण एक मधला मार्गही काढला होता. श्री-लिपी, आकृती यांसारख्या आठ-बिटी टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. एका टंकात वापरायला मिळणाऱ्या जागा दोनशेच्या आसपास, म्हणजे टिळक टाइपच्या मापाच्याच. प्रणालीला देवनागरी ठाऊक असण्याची गरज नव्हती, त्यामुळे कितीही काटछाट केलेल्या यंत्रावर हे टंक चालत. पण एका टंकातला मजकूर दुसऱ्यात नेला की त्याची रद्दी होई, आणि शोध घेणे, अकारविल्हे लावणे अशक्य. मराठीतला दोन दशकांचा मुद्रित मजकूर या कोठारांत बंद पडला आहे. संशोधकांना त्याची किंमत अजून मोजावी लागते आहे.

आता खैराटकडे वळू. रायगड जिल्ह्याच्या आतल्या डोंगराळ भागात खैराट-धनगरवाडा ही लहानशी वस्ती आहे. तेथील जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा एकशिक्षकी. पहिली ते चौथीचे विशीच्या आसपासचे विद्यार्थी आणि चारही इयत्तांना मिळून एक गुरुजी. २००७ च्या शरदात या शाळेत ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला आणि प्रत्येक मुलाच्या हाती हिरव्या-पांढऱ्या रंगाचा ‘एक्सओ’ हा छोटा लॅपटॉप आला. प्रकल्प मूळ अमेरिकेतील एमआयटीच्या मंडळींचा. निकोलस निग्रोपाँटी यांनी तो २००५ साली जाहीर केला होता आणि शंभर डॉलरचा लॅपटॉप म्हणून त्याचा गाजावाजा झाला होता. (किंमत प्रत्यक्षात शंभरावर कधी आली नाही, २००७ च्या अखेरीस ती १९० डॉलरच्या जवळपास होती.)

एप्रिल २००६ मध्ये बोस्टनच्या लिनक्सवर्ल्ड परिषदेत निग्रोपाँटी यांनी जे भाषण केले त्याचा रोख आपल्या विषयाशी थेट जुळतो. आजची प्रणाली म्हणजे अतिशय लठ्ठ झालेला मनुष्य आहे, त्याची बहुतेक शक्ती स्वतःची चरबी हलवण्यातच खर्च होते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. लिनक्सही त्याला अपवाद नाही, हेही त्यांनी लिनक्सवाल्यांच्याच मेळाव्यात सुनावले. एक्सओचे यंत्र त्यांना असे बोलण्याचा अधिकार देणारे होते. ४३३ मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि चकतीऐवजी अवघी १ जीबी फ्लॅश साठवण. एवढ्यात प्रणालीही राहणार आणि मुलाचे सगळे कामही. रेड हॅटच्या अभियंत्यांनी फेडोरा लिनक्सचा गाभा घेऊन त्यातले न लागणारे भाग एकामागून एक काढले. फायली साठवतानाच दाबून लहान करणारी फाइल-व्यवस्था निवडली. नेहमीचे मेजाचे दृश्य, एकावर एक पडणाऱ्या खिडक्या, फोल्डरांत फोल्डर ही सारी कचेरीची उपमाच काढून टाकली. तिच्या जागी ‘शुगर’ नावाचा नवा दर्शनी भाग आला. त्यात मूल मध्यभागी, भोवती त्याची कामे, पलीकडे त्याचे सवंगडी, त्याही पलीकडे शेजार, अशी वर्तुळे होती. फाइल ‘सेव्ह’ करण्याची भानगड नव्हती. मुलाने जे केले ते आपोआप एका रोजनिशीत जमा होई.

या काटछाटीला आम्ही चांगले संपादन म्हणू, आणि त्याला कारण आहे. मोठ्यांच्या यंत्रातून तुकडे तोडून उरलेले मुलांना दिले, असे येथे झाले नाही. आधी वापरणारा कोण हे ठरवले आणि मग जे ठेवायचे ते ठेवले. त्याची सर्वांत ठळक खूण म्हणजे या मंडळींनी मुद्दाम अंगावर घेतलेले एक ओझे. शुगर आणि त्यातले बरेचसे उपक्रम त्यांनी पायथन या भाषेत लिहिले. पायथन वाचायला सोपी, पण चालायला मंद. प्रत्येक उपक्रम उघडताना पायथनची स्वतंत्र प्रत स्मृतीत चढे आणि २५६ एमबीच्या यंत्रावर मूल काही सेकंद वाट पाहत बसे. टीकाकारांनी यावर भरपूर तोंडसुख घेतले. परंतु एक्सओच्या कळफलकावर एक खास कळ होती. ती दाबली की चालू उपक्रमाचा मूळ आज्ञावली-पाठ पडद्यावर दिसावा, तो मुलाने वाचावा, बदलून पाहावा, अशी योजना होती. वाचनीयतेसाठी वेगाचा बळी दिला गेला. चौथीपर्यंतची किती मुले ती कळ दाबून पायथन वाचणार होती, हा प्रश्न रास्त आहे. तरीही साहित्याच्या शिक्षकांनी या निवडीकडे थोडे थांबून पाहावे असे आम्हांला वाटते.

पण या सर्वांपूर्वीच भारत सरकारने आपले मत दिले होते, आणि ते मत काटछाटीचेच होते. २००६ च्या मध्यास मानव संसाधन विकास मंत्रालयाने हा प्रकल्प नाकारला. तत्कालीन शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी नियोजन आयोगाला कळवलेल्या मताचा सारांश असा, की ही कल्पना शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने संशयास्पद आहे, आणि शाळांना आज चमकदार साधनांपेक्षा वर्ग आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे. हे बॅनर्जी हिंदीतले जाणते कवी, याची आठवण साहित्याच्या वाचकांना द्यायला हरकत नाही. त्यांच्या हिशेबात प्रणालीतला कोणता भाग जादा हा प्रश्नच नव्हता, अख्खा लॅपटॉपच जादा होता. खैराटच्या शाळेत हे मत आणि तो प्रयोग समोरासमोर उभे राहतात. एका खोलीत चार इयत्ता शिकवणाऱ्या गुरुजींना आधी दुसरा शिक्षक द्यायचा की वीस लॅपटॉप? आम्ही या वादात बॅनर्जींच्या बाजूला झुकतो. तथापि दुसरा शिक्षक नाकारून लॅपटॉप दिले गेले असे तेथे घडलेले नाही. लॅपटॉप आले नसते तर त्यांच्या पैशांतून शिक्षक आला असता, असेही नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील अभ्यासकांनी पुढे या शाळेत काम केले, आणि एक्सओची चर्चा भारतात जेथे जेथे झाली तेथे खैराटचे नाव निघाले.

एक्सओच्या बारीक प्रणालीत देवनागरी होती, ही गोष्ट अधोरेखित करायला हवी. ज्या यंत्रात एकेका एमबीसाठी झगडा चालला होता त्यात पँगो ठेवले गेले आणि देवनागरी कळफलकाचा आराखडाही तयार झाला. दीड जीबीच्या एक्सपीला जे जड वाटले ते एक जीबीच्या एक्सओला वाटले नाही. फरक यंत्राच्या ताकदीचा नव्हता. तरी सगळेच साधले होते असे नाही. ‘ॲ’ हे अक्षर घ्या. ‘ॲप’, ‘ॲसिड’ असे शब्द लिहिताना मराठीला ते रोज लागते, हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये त्याला स्वतःची जागा मिळाली ती एप्रिल २००८ च्या ५.१ आवृत्तीत, म्हणजे खैराटचा प्रयोग सुरू झाल्यावर. तोवर अ-वर चंद्र चढवून वेळ भागवली जात होती. रसायनांच्या कारखान्यावरून नाव पडलेल्या गावाशेजारी ॲसिड हा शब्द नीट लिहिता येत नसावा, यातला विनोद कोणाच्या ध्यानी आला होता की नाही कोण जाणे.

पुढची हकिकत लवकर सांगून टाकू. अनेक देशांच्या सरकारांना विंडोजच हवी होती. मे २००८ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि प्रकल्प यांनी एक्सओवर एक्सपी चालवण्याचे जाहीर केले. एक्सपीची काटछाट करूनही ती एक जीबीत मावेना, म्हणून यंत्राला २ जीबीचे वेगळे कार्ड जोडावे लागले. त्याआधीच्या महिन्यात प्रकल्पातील एक प्रमुख वॉल्टर बेंडर बाहेर पडले होते. त्यांनी शुगर लॅब्ज ही संस्था काढून तो दर्शनी भाग स्वतंत्रपणे जिवंत ठेवला. स्वस्त आणि हलके हे दोन शब्द एकच अर्थ सांगतात असे मानणाऱ्यांसाठी आणखी एक उदाहरण आहे. २००५ साली मायक्रोसॉफ्टने भारतात हिंदीतून ‘एक्सपी स्टार्टर एडिशन’ आणली. तिच्यात भाषा होती, पण एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडता येत. यंत्राला चौथा झेपत नव्हता म्हणून नव्हे, तर महागड्या आवृत्तीची विक्री मारली जाऊ नये म्हणून. पुस्तकाचा संक्षेप करणे वेगळे आणि शेवटची काही पाने फाडून ते स्वस्तात विकणे वेगळे.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये भारत सरकारने ‘आकाश’ हे स्वस्त टॅबलेट मोठ्या समारंभाने आणले. २५६ एमबी स्मृती, अँड्रॉइड २.२. खैराटच्या यंत्राएवढीच स्मृती, पण या अँड्रॉइडच्या मूळ आवृत्तीत देवनागरी टंक नव्हता. फोनसाठी म्हणून बारीक केलेल्या प्रणालीतून आपण पुन्हा गळालो होतो. त्या वर्षांत फोनवर मराठी वाचू पाहणारे लोक ऑपेरा मिनी या न्याहाळकाच्या आडवळणी सेटिंगमध्ये शिरून एक पर्याय चालू करत. मग ऑपेराचा सर्व्हर मराठी मजकुराचे चित्र करून पाठवी. अक्षरे मोजून पैसे घेणाऱ्या जोडणीवर अक्षरांऐवजी अक्षरांची चित्रे! अँड्रॉइड ४ च्या पिढीत देवनागरी प्रणालीचा भाग झाली आणि तो प्रकार थांबला.

काटछाट आणि मराठी यांचे नाते नेहमी वैराचेच असते असे मात्र नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले ‘लोहित’ टंक रेड हॅटने घेतले आणि २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. त्यात हिंदी आणि मराठी यांचे टंक वेगळे होते. कारण उघड आहे: मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदीपेक्षा निराळे. २००९ च्या शासननिर्णयानेही मराठीसाठी हीच रूपे मान्य केली आहेत. पुढे प्रणाली हलकी करण्याच्या ओघात हे वेगवेगळे टंक एकत्र करून एकच ‘लोहित देवनागरी’ बनवला गेला. येथे धोका होता. एकच ठेवायचा म्हटल्यावर संख्येने मोठ्या भाषेचा ल आणि श ठेवून बाकीचे गाळणे सर्वांत सोपे. तसे झाले नाही. दोन्ही रूपे एकाच टंकात ठेवली गेली आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे कळले की मराठी रूप पुढे यावे अशी सोय केली गेली. सामाईक ते एकदाच लिहावे आणि भेद तेवढे वेगळे नोंदवावेत, ही चिकित्सक आवृत्तीचीच रीत झाली.

मजकुराची भाषा मराठी आहे हे यंत्राला सांगावे लागते, आणि आपण ते सहसा सांगत नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांतून बाहेर पडणारे प्रबंध उघडून पाहिले तर भाषेच्या रकान्यात इंग्रजी वा हिंदी लिहिलेले बरेचदा सापडेल. मग टंकात मराठीचा ल असूनही पडद्यावर हिंदीचा येतो. येथे कोणी काही गाळलेले नसते, ठेवलेले वापरले गेलेले नसते.

२०१६ साली फेडोराच्या २४ व्या आवृत्तीत पुन्हा एक मोठी काटछाट झाली. प्रणालीच्या गाभ्यातील ग्रंथालयात जगातल्या साऱ्या भाषांचे संकेत, म्हणजे तारखा कशा लिहाव्यात, अकारविल्हे कसे लावावे, चलन कसे दाखवावे, यांचे एक मोठे गाठोडे असे. ते सोडून प्रत्येक भाषेचे स्वतंत्र लहान पुडके करण्यात आले. सर्व्हरांवर आणि डबाबंद प्रतिमांमध्ये जागा वाचावी हा हेतू, आणि तो सफल झाला. आज अशी किमान प्रतिमा उतरवली तर तिच्यात मराठी नसते. तमिळ नसते, फ्रेंचही नसते. ज्याला हवी त्याने ‘लँगपॅक्स-एमआर’ या नावाचे पुडके मागायचे. ते मागायला सीडी लागत नाही, अरबी-आर्मेनियनची सोबत लागत नाही, आणि बसल्यावर ळ कोणत्या अक्षरानंतर येतो हे यंत्राला ठाऊक होते. ळ-नंतर क्ष यावा की वर्णमालेच्या शेवटी, यावर आपल्याकडच्या कोशकारांचे एकमत नाही, आणि त्या पुडक्यात यांपैकी एक उत्तर कोणीतरी आपल्यासाठी निवडून ठेवलेले आहे. ते निवडणारी फाइल साध्या मजकुराची आहे, कोणालाही उघडून वाचता येते. मराठीच्या किती प्राध्यापकांनी ती वाचली आहे हे आम्हांला जाणून घ्यायला आवडेल.